निर्यातीच्या दर्जाचा ट्यूनर

फुसाएच्या वडिलांना सत्त्याहत्तरावं लागलं, आणि त्या मानाचा जांभळा अंगरखा चढवून ते म्हणाले, "आता मी वांग्यासारखा दिसतोय. लोणचं घाला," ते वर्ष शोवा अठ्ठेचाळीस, म्हणजे इसवी सन एकोणीसशे त्र्याहत्तर. त्याच वर्षी वसंतात त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आणि त्याच वर्षी पानगळीत त्यांचे जावई तेइझो ओगिसो यांच्या घरी ट्यूनर आला.

ट्यूनर म्हणजे रेडिओच, पण बिनतोंडाचा. तो नुसता ऐकतो. त्यानं ऐकलेलं मोठं करायला दुसरी पेटी लागते आणि ते बोलून दाखवायला आणखी दोन. या उरलेल्या पेट्या ओगिसोंच्या घरात तीन वर्षांपासून होत्या. त्यांच्यावर एक लाकडी बाहुली आणि गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सहलीतून आणलेलं अस्वल ठेवायची पद्धत होती.

आता एवढं सगळं कशासाठी, तर फुसाएच्या गाण्यासाठी. टोकियोच्या पश्चिमेला ज्या सरकारी वसाहतीत हे दोघं राहत, तिथल्या अठ्ठावीस गृहिणींचं एक गायनमंडळ होतं. तीन नोव्हेंबरला नगरभवनात त्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित होणार होता आणि तेवीस तारखेला, सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोनला एफएमवर लागणार होता. मधल्या चार ओळी फुसाएनं एकटीनं गायच्या होत्या.

ही बातमी तिचा धाकटा भाऊ मित्सुओ याच्या तोंडून शिन्शूच्या डोंगरात वडिलांपर्यंत पोचली आणि तिकडून पोस्टकार्ड आलं. "फुसाए गाणार असं मित्सुओ म्हणाला. ऐकायचं आहे. इथं दरीत एफएम येत नाही. डॉक्टर नववर्षापुढचं काही बोलत नाही. गेनपाची."

कार्ड वाचून फुसाए बराच वेळ मुळा किसत राहिली. एका जेवणाला लागतो त्याच्या तिप्पट किसला. ती अठरा वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी तिला मात्सुमोतोच्या संगीतशाळेत पाठवा म्हणून घरी येऊन विनवलं होतं. तेव्हा याच गेनपाचींनी सांगितलं होतं, "गाण्यानं रेशमाचे किडे वाढत नाहीत." त्यानंतर अठ्ठावीस वर्षांत तिच्या गाण्याचा विषय बापलेकीत निघाला नव्हता. आता निघाला तो पोस्टकार्डावर.

"मी टेप करतो," तेइझो म्हणाले. "आणि स्वतः नेऊन ऐकवतो."

हे वाक्य त्यांनी मित्सुओच्या देखत म्हटलं, म्हणजे ते माघारी घेण्याची सोय राहिली नाही. तेइझो नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून होते. एखादं काम स्वतः हाती घेणं ही त्यांना सवयीची गोष्ट नव्हती.

मित्सुओ रेडिओच्या कारखान्यात गोदामावर होता. पुढच्याच रविवारी तो काखेत खोकं मारून आला.

"दाजी, हे बघा! हा अमेरिकेला निघाला होता. बंदरापर्यंत जाऊन परत आला. येन महागल्यापासून तिकडचे लोक घेईनात, म्हणून आम्हा कामगारांना स्वस्तात दिले. निर्यातीचा दर्जा आहे. आपल्या दुकानात असला माल डोळ्यांनी दिसायचा नाही."

निर्यातीचा दर्जा हे शब्द त्या काळात कानाला फार गोड लागत. आपल्या देशात जे उत्तम बनतं ते बोटीनं बाहेर जातं आणि उरलेलं आपण वापरतो, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. बोटीवर न चढलेला उत्तम माल आपल्या दारात यावा, हे तेइझोंना पूर्वजांच्या पुण्याईसारखं वाटलं.

सोबत आठ पानांचं माहितीपत्रक होतं, सगळं इंग्रजीत. तेइझोंनी शब्दकोश घेऊन चार संध्याकाळी त्यावर घातल्या आणि ते पाठ केलं. संवेदनशीलता एक पूर्णांक आठ मायक्रोव्होल्ट. शेजारच्या स्टेशनाला दूर ठेवण्याची ताकद सत्तर डेसिबल. समोर दोन काटे, एक स्टेशन किती जोरात आहे ते दाखवणारा आणि दुसरा आपण किती चुकलो ते दाखवणारा. अक्रोडाच्या लाकडाची पेटी. बटणाच्या पोटात जड चाक, त्यामुळे एक टिचकी मारली की सुई अठ्ठ्याऐंशीपासून एकशेआठपर्यंत तरंगत जाई. दिवा लावला की सगळी पट्टी समुद्रासारखी निळी-हिरवी. आणि उजव्या कोपऱ्यात एक छोटा लाल दिवा, स्टीरिओ लागला की उजळणारा. तो लाल दिवा तेइझोंच्या स्वप्नात येऊ लागला.

कचेरीत त्यांनी विभागप्रमुखांना हे सगळं क्रमानं सांगितलं.

"मायक्रोव्होल्ट म्हणजे काय हो?" प्रमुखांनी विचारलं.

"जितके कमी तितकं चांगलं, साहेब."

"मग ते तुमच्या कामासारखंच आहे," प्रमुख म्हणाले आणि फाइल पुढे ओढली.

पहिल्या दिवशी ट्यूनर लावला तर समुद्राऐवजी डबकं दिसलं. दिवा मिणमिणत होता, आवाज नाही. चौथ्या मजल्यावरचे उबुकाता बोलावल्याशिवाय आले. ते रेल्वेत सिग्नलखात्यात होते आणि ज्या गोष्टीत तार असेल तिच्यावर त्यांचा हक्क होता. त्यांनी पेटी उलटी करून मागचं एक बारकं बटण शोधलं.

"अहो ओगिसोसान, हे दोनशे चाळीसवर आहे! आपल्याकडे वीज शंभरची. बिचारा उपाशी मरतोय."

बटण शंभरावर आणताच समुद्र उजळला. चार चार प्रकारची वीज खाणारं यंत्र म्हटल्यावर निर्यातीच्या दर्जाबद्दल उरलासुरला संशय गेला. हे बटण त्यावर कशासाठी आहे, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. आवाज मात्र नुसता भाजीच्या फोडणीसारखा.

"अँटेना पाहिजे," उबुकाता म्हणाले. "या काँक्रीटच्या खुराड्यात काय येणार? बाल्कनीत लावा, पाच काड्यांची."

इथून तेइझोंचा संबंध शिओनोया यांच्याशी आला. शिओनोया बायको गेल्यापासून तळमजल्यावर एकटे राहत. टपालखात्यातून निवृत्त झालेले, वसाहतीच्या संघाचे अध्यक्ष. नियम त्यांना तोंडपाठ होते आणि जिथे नियम नव्हता तिथे त्यांना गुदमरल्यासारखं होई.

"एफएमच्या अँटेनाचा अर्ज नाही," ते म्हणाले. "टीव्हीच्या अँटेनाचा आहे, पण ती गच्चीवर सामायिक आहे, म्हणून तो अर्ज मंजूर होत नाही."

"मग मंजूर होणारे अर्ज कुठले आहेत?"

शिओनोयांनी कप्पा उघडला. "पिंजऱ्यातला पक्षी. आणि कपडे वाळत घालायची जादा दांडी."

तेइझोंनी थोडा विचार केला. शिओनोयांनीही केला. दोघं सरकारी माणसं. अर्ज दांडीचा भरला गेला.

पण जादा दांडीलाही जिन्यावरच्या दहाही घरांची संमती लागते. ती घ्यायची तर घरोघर फिरणारी पाटी सोडायची, जिच्यावर चिमट्यात कागद लावून वसाहतीच्या सूचना एका दारातून दुसऱ्या दारात जातात. प्रत्येकानं वाचून शिक्का मारायचा आणि शेजाऱ्याकडे द्यायची. पाटी सहा दिवसांनी परत आली तेव्हा दहा शिक्के होते आणि चौदा सूचना. दांडीवर कावळा बसल्यास खालच्या गाद्यांची जबाबदारी कोणाची? वादळाच्या दिवशी दांडी घरात घ्यावी. समोरच्या दारातल्या निरासावाबाईंनी नाजूक अक्षरात लिहिलं होतं, "दांडी लावताच आहात तर आमच्याही दोन चादरी मावतील का?" आणि सगळ्यांत वर अध्यक्षांची त्या आठवड्याची जाहीर सूचना होती: तेलाच्या टंचाईमुळे टॉयलेट पेपर संपणार ही अफवा आहे, रहिवाशांनी साठा करू नये, नागरिकाची शान राखावी.

दांडीची तपासणी अध्यक्षांनी स्वतः करायची असते. त्यांना सवड होती ती तीन नोव्हेंबरला, दुपारी एकला. म्हणजे फुसाएचं गाणं ज्या वेळी नगरभवनात होणार, नेमकी तीच वेळ.

"दुसरा दिवस नाही का?" तेइझोंनी विचारलं.

"पुढचा महिना आहे की."

घरी त्यांनी फुसाएला सांगितलं. ती पांढऱ्या ब्लाउजला इस्त्री करत होती. "नाही आलात तरी चालेल. रेडिओवर ऐकालच ना," ती म्हणाली, आणि इस्त्री झालेल्या कॉलरवरून पुन्हा इस्त्री फिरवली. तेइझोंनी पहिला अर्धा भाग ऐकला. दुसरा त्यांना दिसला नाही.

तर फुसाए रंगमंचावर गात असताना तिचा नवरा बाल्कनीत, पाच काड्यांच्या अँटेनावर स्वतःचे दोन मोजे वाळत घालून, सरळ उभा होता. शिओनोयांनी मोजे पाहिले, ओले आहेत का ते दाबून पाहिले आणि कागदावर शिक्का मारला.

फुसाए सहाला परतली.

"कसं झालं?"

"झालं. तुमचं?"

"मंजूर!" तेइझो म्हणाले. त्यावर तिनं चहा टाकला.

अँटेनाची तार ओढून, तोंड टोकियोकडे वळवून सगळं लागलं ते अठरा तारखेला, रविवारी. उबुकातांनी दिशा दिली, तेइझोंनी बटणाला टिचकी मारली. सुई निघाली, आणि शहाण्णवच्या जरा अलीकडे पेटीतून एक माणूस इतक्या स्वच्छ आवाजात बोलला की फुसाएनं दाराकडे पाहिलं. सुमोचा सामना! प्रेक्षकांचा कल्ला, पंचाची आरोळी, पैलवानाच्या मांडीवर पडलेली थाप, सगळं समोर घडावं तसं. दोन्ही काटे ताठ झाले.

जिन्यावरचे लोक नुसत्या मोज्यांनीच धावत आले. निरासावाबाईंनी मोसंबी आणली. दीड तास सगळे पेटीकडे तोंड करून बसले.

"एफएमवर सुमोही लावायला लागले म्हणा," कुणीतरी म्हणालं.

"निर्यातीचा दर्जा आहे," तेइझो म्हणाले. "सत्तर डेसिबल."

"लाल दिवा नाही लागला," फुसाए म्हणाली.

"सुमोला कशाला स्टीरिओ? तुझ्या गाण्याला लागेल."

तिनं नवऱ्यासाठी एफएमच्या कार्यक्रमांचं पाक्षिक आणलं होतं, ते हातात होतं. "यात साडेब्याऐंशी लिहिलंय," ती म्हणाली.

"ते त्यांच्या हिशेबानं असेल. आपला काटा काय सांगतो ते बघायचं." तेइझोंनी ज्या सुरात हे म्हटलं, त्या सुरापुढे आणखी काही विचारायचं नसतं हे फुसाएला सत्तावीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. तिनं पाक्षिक मिटलं.

तेवीस तारखेला दुपारी एकलाच आमंत्रित मंडळी जमली. अध्यक्ष शिओनोया मधल्या गादीवर, टायसह. तेइझोंनी नवी कॅसेट काढली, ट्यूनर लावला आणि सुई सुमोच्याच जागी ठेवली. जागा एकदा सापडली की ती सोडू नये, असं त्यांचं मत होतं.

पेटीतून एक बाई बोलू लागल्या. "...आणि आता कांदा घाला. बघा, हा असा रंग आला पाहिजे. दिसतोय ना? कडेला जो पिवळसरपणा दिसतोय, तेवढाच."

मंडळी पेटीकडे बघत राहिली.

"मला दिसत नाही," उबुकाता म्हणाले.

शिओनोया हळूच उठले. त्यांचा चेहरा बदलला होता. "हा माझ्या टीव्हीचा आवाज आहे. मी चालू ठेवून आलोय. हीच बाई, हाच कांदा. ओगिसोसान, तुमची दांडी माझ्या टीव्हीचा आवाज चोरतेय!"

"अध्यक्ष, असं कसं..."

"मी बंद करून येतो. मग बघू." ते खाली गेले, दार वाजलं, वर आले. बाई कांद्यावर आता सोया सॉस ओतत होत्या. अध्यक्ष दारातच थांबले. बंद केलेला टीव्ही बोलतोय, याला कुठला नियम लावावा ते त्यांना कळेना.

फुसाएनं पाक्षिक पट्टीखाली धरलं आणि बोटानं दाखवलं. "साडेब्याऐंशी. तुमची पट्टी सुरूच होते अठ्ठ्याऐंशीपासून. मी गेल्या रविवारीच बघितलं होतं."

तेइझोंनी बटण डावीकडे फिरवलं. सुई अठ्ठ्याऐंशीच्या भिंतीला टेकली. त्यांनी आणखी फिरवलं. अक्रोडाच्या पेटीत चाक नुसतं आदळलं.

मित्सुओला फोन लागला तेव्हा एक पस्तीस झाले होते.

"हो, तिकडे एफएम तिथूनच चालू होतं दाजी," तो शांतपणे म्हणाला. "आपलं शहात्तर ते नव्वद. त्यापुढे आपल्याकडे टीव्हीचे चॅनेल आहेत. मी म्हटलं होतं की, अमेरिकेला चाललेला म्हणून."

"तू दर्जा म्हणाला होतास!"

"दर्जा आहेच की."

तेइझोंनी फोन ठेवला. खोलीत फक्त कांदा शिजत होता. सासऱ्यांचं पोस्टकार्ड फोनशेजारीच भिंतीला टाचलेलं होतं, आणि त्यांना त्यातलं एकच वाक्य दिसत होतं, डॉक्टरांचं. फुसाए मोसंबीच्या साली गोळा करायला लागली.

"कुणाकडे साधा रेडिओ आहे का?" त्यांनी विचारलं. आवाज पाणीखात्यातला राहिला नव्हता. "एफएमचा. कसलाही चालेल."

सगळ्यांकडे टीव्ही होता. उबुकातांकडे रेडिओ होता, पण खोललेला.

शिओनोयांनी टायची गाठ सैल केली. "माझ्या बायकोचा आहे. स्वयंपाकघरात," ते म्हणाले. "पण खाली येणार असाल तर... चला."

त्यांनी असं का अडखळत म्हटलं ते खाली गेल्यावर समजलं. स्वयंपाकघरात मोरीपासून खिडकीपर्यंत, माणसाच्या छातीइतके, टॉयलेट पेपरचे गठ्ठे रचलेले होते. निरासावाबाईंचं तोंड उघडलं. तेइझोंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं, आणि ते मिटलं. जिन्यावरच्या दहाही घरांत त्या दुपारनंतर कुणी या गठ्ठ्यांचा उल्लेख केला नाही, ही गोष्ट त्या वसाहतीच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखी आहे.

रेडिओ विटेएवढा होता, पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला. त्याची काडी मोडून बोटभर खुंट राहिला होता. साडेब्याऐंशीवर फोडणी ऐकू आली. तेइझोंनी खुंट चिमटीत धरला तसा आत कुणीतरी गुणगुणलं. रेडिओ उचलून खिडकीकडे नेला तर आणखी स्पष्ट.

"वर! आणखी वर!" उबुकाता सिग्नलखात्याच्या आवाजात ओरडले. "गठ्ठ्यांवर चढा!"

अशा रीतीनं तेइझो ओगिसो अध्यक्षांच्या टॉयलेट पेपरवर मोज्यांनी उभे राहिले. डोकं छताला, डाव्या हातात रेडिओ, उजव्या हाताच्या दोन बोटांत खुंट. फुसाएचा सरावाचा टेपरेकॉर्डर उबुकातांनी दोन्ही हातांनी रेडिओच्या तोंडाशी धरला. एक पूर्णांक आठ मायक्रोव्होल्टांचा मालक आता स्वतःच अँटेना झाला होता, आणि त्याच्यावर मोजेही होते.

"कुणी बोलायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. "शिंक आली तर बाहेर जाऊन."

दोन वाजले. निवेदिकेनं वसाहतीचं नाव घेतलं. अठ्ठावीस बायका एकदम गाऊ लागल्या, आणि तेवढ्यात बाहेर रस्त्यावर गाडीचा भोंगा सुरू झाला.

"जुनी वर्तमानपत्रं, जुनी मासिकं! बदल्यात टॉयलेट पेपर मिळेल! टॉयलेट पेपर मिळेल!"

तीन आठवड्यांत ही गाडी वसाहतीत फिरकली नव्हती. गेल्या वेळी तिच्यामागे धावताना दोन बायकांच्या चपला हरवल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांच्या अंगातून लाट गेली. निरासावाबाईंचा एक पाय दाराबाहेर पडला, थांबला आणि थरथरत परत आला. कुणी हललं नाही. भोंगा इमारतीला वळसा घालून, आशा लावून, सावकाश निघून गेला.

मग बाकीच्या बायका गप्प झाल्या आणि फुसाएच्या चार ओळी सुरू झाल्या.

तेइझोंनी तिला भांडी घासत, आंघोळीचं पाणी तापवत गुणगुणताना हजार वेळा ऐकलं होतं. तो आवाज घरातल्या नळासारखा होता, असतो म्हणून असतो. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. तो कुठल्याही कामाला जोडलेला नव्हता. खाली पाहिलं तर फुसाए मोरीला टेकून, हात पदरात गुंडाळावेत तसे एप्रनमध्ये गुंडाळून, स्वतःचंच गाणं जमिनीकडे बघत ऐकत होती. तीन तारखेला दुपारी एकला आपण काय करत होतो, हे तेइझोंना आठवलं. ओला मोजा.

चौथ्या ओळीवर खुंट सुटला. रेडिओतून सर्रकन फोडणी आली, तशी फुसाएनं वर पाहिलं. दोन सेकंद, जास्त नाही. मग बोटं पुन्हा जागेवर गेली आणि शेवटचा सूर उरलेला होता तो मिळाला.

"हाताला मुंग्या आल्या," संपल्यावर तेइझो वरूनच म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दोघं शिन्शूला गेले. गेनपाची अंथरुणात उशीला टेकून बसले होते, अंगावर तोच जांभळा अंगरखा. वांगं बरंच सुकलं होतं. त्यांनी डोळे मिटून टेप ऐकली.

"हा मध्येच ओरडणारा कोण?"

"टॉयलेट पेपरवाला," फुसाए म्हणाली.

"आवाज चांगला आहे." थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. "आणि शेवटी? ऐन गाण्यात पाऊस आला की काय?"

"मी तार धरून उभा होतो," तेइझो म्हणाले. "हाताला मुंग्या आल्या."

"हात बरा होता, बाबा," फुसाए म्हणाली. "यांनी डोळे पुसले."

म्हाताऱ्यानं जावयाकडे बराच वेळ पाहिलं. सत्तावीस वर्षांत इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. मग लेकीकडे न बघता टेपरेकॉर्डरकडे बोट केलं.

"पुन्हा लाव. पावसाच्या आधीपासून."

ट्यूनर ओगिसोंकडेच राहिला. सुमोच्या दिवसांत तेइझो टीव्हीचा आवाज बंद करून ट्यूनर लावत. चित्र घरगुती आणि आवाज निर्यातीचा. लाल दिवा कधी लागला नाही. टेप त्यांनी शिन्शूतच ठेवली होती, आणि मित्सुओ सांगे की ती त्या एका जागी पार झिजून गेली.

गेनपाची नववर्षाला खातात ती तांदळाची मोची खाऊन, शोवा एकोणपन्नासच्या फेब्रुवारीत, एकोणीस तारखेला सकाळी वारले.